पुतळ्याला सांग

आमच्या शिवणाच्या दुकानात माझे सासरे आणि माझा नवरा काम करतात, आणि दोघांत विस्तव जात नाही. एका कोटाची बाही आखूड झाली. ती कोणाच्या कात्रीने, यावरून अबोला सुरू झाला. कोट गेला, कोटवालाही गेला, अबोला मात्र ठणठणीत आहे.

मी मध्ये बसून काज-बटणं करते. तेही नावाला. खरं काम निरोपाचं.

"त्याला सांग, अस्तर तिरकं कापलंय."

"त्यांना सांग, डोळे तपासून घ्या."

दोघांत हातभर अंतर, दोघांचे कान शाबूत. तरी मी तेच पुन्हा म्हटल्याशिवाय कोणालाही ऐकू येत नाही. मी म्हणते, "जरा उजेडात बघू या, असं म्हणतायत." सासरे मान हलवतात. मूळ वाक्य त्यांनी ऐकलेलं असतं, पण रागवायचं की नाही ते माझ्या वाक्यावर ठरतं. भाषा एकमेकांना समजून घेण्यासाठी असते, असं शाळेत शिकवलं होतं. शिकवणाऱ्या बाई आमच्याकडे कधी कपडे शिवायला आल्या नसाव्यात.

आईचं ऑपरेशन ठरलं. तिला माझ्याशिवाय कोणी नाही. नवरा म्हणाला, "तू गेलीस तर दुकान बंद पडेल गं." त्याने हे कौतुकाने म्हटलं, आणि माझा जीव गुदमरला.

त्यातच माझा घसा बसला. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, आठवडाभर तोंडातून शब्द काढायचा नाही. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आता बोलतील झक मारत, आणि मी सुटेन.

सकाळभर नुसतं मशीन बोललं. दुपारी सासऱ्यांनी खडू खाली ठेवला, खाकरले आणि कोपऱ्यातल्या पुतळ्याकडे वळले. कोट चढवून बघायचा तो कापडी पुतळा, बिनडोक्याचा.

"त्याला सांग, खांदा उतरतोय."

नवऱ्याने मशीन थांबवलं. मग तोही पुतळ्याला म्हणाला, "त्यांना सांग, पॅड घालतो."

झालं, काम सुरळीत चालू लागलं. मी ज्याला माझी हुशारी समजत होते, ते डोकं नसलेल्याला जमत होतं. मला फार अपमान वाटला. रडले, तेही बिनआवाजाचं. पण मग वाटलं, बरंच झालं की! आता मला कशाला अडवतील?

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आवाज परतला. पिशवी भरून मी दोघांसमोर उभी राहिले.

"मी आईकडे निघालेय."

सासऱ्यांनी चष्मा वर सरकवला. "तिला विचार," ते पुतळ्याला म्हणाले, "स्वयंपाकाचं काय?"

"आणि काज-बटणांचं?" नवऱ्याने जोडलं, तेही पुतळ्यालाच. इतक्या वर्षांत बापलेकांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

दार उघडं होतं. बस सुटायची वेळ होत आली होती. आणि मी पिशवी हातात धरून तशीच उभी होते, पुतळा मला कधी विचारतो याची वाट बघत.