‘नाही’ला पर्याय

माणसाचा स्वाभिमान शेवटी एकाच शब्दावर उभा असतो, आणि तो शब्द म्हणजे ‘नाही’. हा विचार कॅप्टनच्या बायकोने भांडी घासता घासता मांडला आणि लगेच नवऱ्याच्या हातात कढई पुसायला दिली. तो नाही म्हणाला नाही.

“चला, समजा मी तुमची मॅनेजरबाई. एक तारखेपासून तुम्ही कायम नाही. गर्दी असेल तेव्हा फोन करू, आलात त्या दिवसाचे पैसे. मान्य?”

“मॅडम, त्यापेक्षा...”

“त्यापेक्षा काय त्यापेक्षा! नाही म्हणा.”

“म्हणतोय की.”

“कुठे? तोंड तर मिटलेलं आहे.”

कॅप्टन म्हणजे जहाजाचा नव्हे. हॉटेलात वेटरांच्या वरच्या माणसाला कॅप्टन म्हणतात. फरक इतकाच, की बुडायची वेळ आली की आधी यालाच उतरवतात. उमेदीची सगळी वर्षं त्याने एकाच हॉटेलच्या जेवणघरात काढली होती. जुन्या मालकाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, पाहुण्याच्या कानावर ‘नाही’ पडता कामा नये. मासे संपले असतील तर ‘आज कोंबडी सुरेख झालीय’. खिडकीजवळचं टेबल गेलं असेल तर ‘कोपऱ्यात निवांत बसता येईल’. ही विद्या अंगात इतकी मुरली, की घरीसुद्धा ‘दूध आणलंत का?’ असं विचारलं की तो ‘आज काळी कॉफी घेऊन बघ’ म्हणे.

आता प्रश्न दुधाचा नव्हता. हॉटेल नव्या कंपनीने घेतलं होतं. कंपनीच्या मते जुनी माणसं हा अनमोल ठेवा होता, आणि म्हणूनच रोज वापरायला महाग.

“या वयात तुम्हाला दुसरीकडे कोण घेणार?” बायको जरा हळू आवाजात म्हणाली. “आचारी म्हणतो ना, आपण कबूल झालो नाही तर त्यांना काही करता येत नाही?”

“म्हणतो खरं. उद्या त्यालाही बोलावलंय. तो ओरडणार आहे.”

“तो मीठ संपलं तरी ओरडतो. तुम्ही ओरडू नका, नुसतं म्हणा.”

सकाळी जिना उतरताना त्याने सराव केला. “नाही,” तो खणखणीत म्हणाला. वर येणाऱ्या शेजाऱ्याने दचकून विचारलं, “काय नाही?” “काही नाही,” कॅप्टन म्हणाला आणि त्याला धीर आला. शब्द निघत होता.

मॅनेजरबाईंनी त्याला ऑफिसात बोलावलं असतं तर गोष्ट वेगळी. पण ऑफिसला रंग लावणं चाललं होतं, म्हणून त्या जेवणघरातच बसल्या. पांढरंशुभ्र टेबल, समोर पाण्याचा ग्लास.

“बसा ना, कॅप्टन.”

त्या खोलीत तो कधीच बसला नव्हता. हात आपोआप पाठीमागे गेले, मान किंचित झुकली. बाईंनी सगळं गोड शब्दांत समजावलं आणि शेवटी विचारलं, “तर मग, तुमची काही हरकत नाही ना?”

कॅप्टनने छाती भरून श्वास घेतला. सगळी नोकरी त्या एका श्वासात आली.

“नाही,” तो म्हणाला. स्पष्ट, ठाम, वेटरांना ऐकू जाईल असं.

“वा!” बाई खुलल्या. “सगळे तुमच्यासारखे समजूतदार असते तर!”

काय झालं ते कळायला त्याला थोडा वेळ लागला. आता ‘तसं नाही’ म्हणायला हवं होतं. पण एका दिवसात किती वेळा म्हणणार? शिवाय बाईंचा ग्लास रिकामा झाला होता. त्याने तो भरला.

घरी बायको दारातच उभी होती.

“म्हणालात?”

“म्हणालो.”

“तोंडावर?”

“तोंडावर.”

तिने इतक्या कौतुकाने पाहिलं, की त्याला पुढचं सांगवेना. पण तिनेच विचारलं, “मग काय म्हणाल्या?”

“वा म्हणाल्या.”

“अहो, त्यांनी नेमकं विचारलं काय?”

त्याने सांगितलं. ती खुर्चीत बसली. हसेल असं वाटलं, पण हसली नाही. म्हणाली, “आणि आचारी?”

“तो म्हणाला, हरकत आहे. टेबलावर मूठ आपटून.”

“मग?”

“त्यालाही एक तारखेपासूनच.”

एक तारखेला दोघांपैकी कोणालाच फोन आला नाही.