केळींकडे वळवलेली नळी

मी एक जुनी वॉशिंग मशीन आहे. मित्रांनो, माझे वय आता कोणालाच ठाऊक नाही, मलाही नाही. सामोआच्या सावाई बेटावर मालाएआजींच्या घरामागे, पत्र्याच्या छपराखाली, पाण्याच्या टाकीला खेटून मी उभी असते. माझ्या झाकणावर कोंबड्या झोपतात. त्यांना हाकलायला मला हात नाहीत आणि ओरडायला तोंडही नाही. तोंड असते तर ही गोष्ट घडलीच नसती.

कारखान्यातले मला फारसे आठवत नाही. आठवते ते ऑकलंडमधले लांगीचे घर. लांगी ही आजींची थोरली मुलगी, इस्पितळात कामाला. थकूनभागून आली की माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायची, "तू आहेस म्हणून निभतंय गं माझं." पुढे तिने नवी मशीन घेतली आणि मला जहाजातून आईकडे धाडले. सोबत गाद्या होत्या आणि डबाबंद मांसाची खोकी. आजींनी माझ्यावर फुलांची माळ घातली. शेजारणी काही ना काही निमित्त काढून मला बघून गेल्या. मी फुशारून गेले, खोटे कशाला बोलू?

खोबरेल तेलाने माखलेल्या लुंग्या, शाळेचे गणवेश, चर्चचे पांढरे कपडे, सारे मी धुतले. दुखणी मलाही झाली. एकदा पाणी करंगळीएवढ्या धारेने येऊ लागले. आजींच्या मुलाने, फेतूने, मला दोन लाथा घातल्या. खरे तर पाणी आत येते तिथल्या बारीक जाळीत टाकीतला गाळ अडकला होता. त्याच्या बायकोने, पेपेने, नळ बंद करून जाळी जुन्या ब्रशने घासली आणि मी बरी झाले. एकदा मी थडथडत जागची हलले. "भूत शिरलंय हिच्यात!" म्हणून फेतू लांब पळाला. भूत कसले? माझा एक पाय वाळूत रुतला होता. पेपेने खाली चपटा दगड सरकवला. मला काय होतेय ते मला नेहमी कळते, पण सांगता येत नाही. मी फक्त गुरगुरते, आणि माणसांना वाटते की ही बिघडली.

यंदा पाऊस कित्येक आठवडे फिरकला नाही. टाकी निम्म्याखाली गेली. त्यातच ऑक्टोबरमधला मुलांचा पांढरा रविवार आला. त्या दिवशी मुले नखशिखांत पांढऱ्या कपड्यांत चर्चमध्ये उभी राहून बायबलमधला पाठ म्हणतात. आजींची नात रुता पहिल्यांदाच एकटी म्हणणार होती. आजींनी तिला झगा शिवला होता आणि रोज माझ्या शेजारी बसवून पाठ घोकून घेतला होता. मलाही तो पाठ झाला होता.

शुक्रवारी फेतूला सुकलेल्या केळी दिसल्या. माझे सांडपाणी वाया जाते याचे त्याला वाईट वाटले. भिंतीवरच्या उंच हुकातली माझी नळी त्याने काढली आणि जमिनीवरून थेट केळींच्या बुंध्याशी नेली.

"बघ, कपडेही धुतील आणि केळीही पितील," तो पेपेला म्हणाला.

"डोकं चालतं की तुमचं कधीमधी!" पेपे हसली.

मित्रांनो, ती नळी उंच असते म्हणूनच पाणी माझ्या पोटात थांबते. ती खाली आली की एकीकडून आलेले पाणी दुसरीकडून चालू लागते. मी कधी भरतच नाही, म्हणून आणखी पाणी घेत राहते. थांबायचे मला माझ्या मनाने जमत नाही.

शनिवारी पेपेने पांढरे कपडे आत टाकले, बटण दाबले आणि सगळे चर्चमध्ये तालमीला गेले. मी टाकी पीत राहिले, केळींना पाजत राहिले. एक डुकरीण आली आणि त्या चिखलात ऐसपैस लोळली. टाकीतून पोकळ आवाज येऊ लागला. मी जिवाच्या आकांताने गुरगुरले. ऐकायला फक्त डुकरीण होती.

"अगंबाई, टाकी कोरडी!" परतल्यावर आजी किंचाळल्या. "रुताच्या झग्याला साबण तसाच चिकटलाय!"

"ही फुटलीय खालून," फेतू म्हणाला. "म्हातारी झाली. हिचा ड्रम काढतो अन् डुकरांना खायला घालतो त्यात."

चिखल सगळ्यांनी पाहिला. नळीकडे कोणीच पाहिले नाही. मी तिथेच होते, मला सगळे ठाऊक होते, आणि मी काही करू शकत नव्हते.

आजी कपडे घेऊन किनाऱ्यावरच्या झऱ्यावर गेल्या. "झगा मी शिवलाय, मीच धुणार," म्हणून त्यांनी पेपेचेही ऐकले नाही. काळ्या दगडांवर वाकून त्यांनी झगा पांढराशुभ्र केला, पण उठताना गुडघा गेला. रविवारी सगळे चर्चला गेले. आजी सुजलेला पाय घेऊन माझ्या शेजारी बसल्या. मुलांचे एकत्र गाणे इथवर आले. मग रुताची वेळ झाली, आणि त्या एवढ्याशा आवाजातले वाऱ्याने काहीच पोचू दिले नाही. आजी नुसते ओठ हलवत राहिल्या. डोळ्यांतून पाणी येत होते. मित्रांनो, मला त्या दिवशी माझ्या मुकेपणाचा राग आला.

संध्याकाळी लांगीचा फोन आला. फेतूने पडद्यावर मला दाखवले. "बघ ताई, तुझ्या मशीननं आमची टाकी प्यायली."

"अरे, तिची नळी जमिनीवर का लोळतेय?"

"केळींसाठी सोडलीय."

"वेड्या, वर टांग ती! सगळं पाणी तिथूनच गेलं असणार."

फेतूने वळून नळीकडे पाहिले. आजी म्हणाल्या, "आणि शिव्या हिला घातल्यास, होय रे?"

सोमवारी फेतूने झऱ्यावरून खेपा घालून टाकीत पाणी ओतले आणि नळी हुकात अडकवली. पेपेने कपडे टाकून बटण दाबले. पाणी माझ्या पोटात थांबले. कपडे फिरू लागले तशी रुता झगा घालून आली आणि आजींपुढे उभी राहून पाठ म्हणू लागली. पण माझ्या घरघरीत शब्द बुडू लागले. मला गप्प बसायचे होते, पण ते कुठले जमायला! तेवढ्यात आजींनी हात लांबवून माझे झाकण उचलले. झाकण उघडले की मी थांबते. रुताने पहिल्यापासून सुरुवात केली, आणि आम्ही दोघींनी अख्खा पाठ ऐकला.

नातीच्या कौतुकात आजी झाकण लावायला विसरल्या. थोड्या वेळाने फेतू आला. "परत बंद पडली ही!" म्हणत त्याने पाय उचलला. मित्रांनो, आम्हा मुक्यांचे तुमच्याकडे मागणे एवढेच, की लाथ मारण्याआधी एकदा नीट बघा. फेतूचा पाय हवेतच राहिला. त्याने आधी नळी पाहिली, मग जाळी चाचपली, मग झाकण पाहिले. मग पाय खाली ठेवून त्याने ते अलगद लावले.