बेट पाहून आलेला दांडका

मी एक जुना दांडका आहे. हसू नका, मित्रांनो. दांडका म्हटले की तुम्हाला भांडण आठवते, नाहीतर गल्लीतले कुत्रे. मी यातले काहीच केलेले नाही. मी कापड विणले आहे आणि समुद्रातले एक बेट पायी फिरून आलो आहे. आमच्या जातीतल्या किती जणांना असे म्हणता येईल?

सुरतेतल्या एका सुताराने मला चिवट लाकडातून तासले आणि भेस्तानच्या एका शेडमधल्या यंत्रमागावर मी जाऊन बसलो. मी टोला हाणायचा, की सुताची कांडी पोटात घेतलेला धोटा या टोकाकडून त्या टोकाला पळायचा. मी हललो नाही तर साडी तसूभरही पुढे सरकत नसे, त्यामुळे माझा रुबाब काय विचारता. पण खरे सांगायचे तर हातभर जागेत डोलण्यापलीकडे मी जग पाहिलेलेच नव्हते.

माझ्या मागाचा कारागीर होता विठ्ठल, मूळचा जालन्याकडचा. पुढे दोन माग, पाठीमागे दोन माग आणि मधल्या बोळात तो. पाठीमागचा धागा तुटला तर कळणार कसे? म्हणून सारखी मान वळवून मागे पाहायची त्याला सवय जडली होती. रस्त्याने चालताना पाही, देवळात हात जोडतानाही पाही. शेडमध्ये आवाज असा, की कानाशी ओरडले तरी ऐकू येऊ नये. त्यामुळे सगळे हातांनी बोलत. डोक्यावर मूठ मुठीवर ठेवली की 'माग बंद कर' असा अर्थ.

पुढे मला चीर गेली आणि मालकाने मला भंगारात फेकले. विठ्ठलने मला उचलले, चिरेवर तार गुंडाळली, टोक घासून गोल केले आणि घरी नेऊन बायकोच्या हातात दिले. इंदुबाईही त्याच शेडमध्ये दिवसभर बसून कांड्या भरी, त्यामुळे तिचा गुडघा धरला होता. तिने मला घेतले, पण तोंड वाकडे करून.

"बघ प्रिया, तुझा बाप तोंडानं बोलंना, अन् दांडकं आणून देतो," ती लेकीला म्हणाली.

त्या घरातली धुसफूस मी कोपऱ्यात उभा राहून ऐकत असे. ती भाजी कोणती करू विचारी, हा भिंतीकडे पाही. ती गुडघ्याचे दुखणे सांगे, हा कूस बदली. हळूहळू तिने विचारणेच कमी केले. ताट वेळेवर वाढले जाई, पण घरात शब्द नाही. मला फार वाईट वाटे. मागाच्या खडखडाटात वाढलेल्या लाकडाला शांतता खायला उठते.

सुरतेत प्लेगची साथ येऊन गेली त्याच्या पुढच्या दिवाळीची ही गोष्ट. वर्षभर माणसे जीव मुठीत धरून राहिली होती, आता त्यांना मोकळे फिरावेसे वाटत होते. शेडला सुट्टी लागली आणि गल्लीतल्या श्रीरंगने दीवला जायला लक्झरी बस ठरवली. इंदुबाईने नवऱ्याला दोनदा विचारले, त्याने उत्तर दिले नाही. मग तिने परस्परच तिघांची नावे दिली. बसमध्ये नवरा एका खिडकीशी, बायको दुसऱ्या खिडकीशी, आणि मी प्रियाच्या मांडीवर.

दीवच्या किनाऱ्याने खडकांच्या कडेकडेने टेकडीपर्यंत पायवाट जाते. "नुसतं चालायला कुनी एवढ्या लांब येतं का?" असे इंदुबाई पुटपुटली खरी, पण चार पावलांत तिचा चेहरा उजळला. एका बाजूला निळे पाणी, दुसरीकडे फांद्या फुटलेले अजब माड, अंगावर खारा वारा. मी तर वाळूत, खडकात, गवतात टोक रोवत असा चाललो, की जणू बेट मीच विकत घेतले आहे. आयुष्यभर जागच्या जागी डोललेल्याला चालणे म्हणजे काय, ते तुम्हाला कळायचे नाही.

समुद्र ओसरला होता. विठ्ठल लेकीसाठी शिंपले वेचायला खाली उघड्या खडकांवर उतरला आणि वेचता वेचता पार पुढे गेला. तेवढ्यात जाळे सुकवणारा एक कोळी धावत आला. "पाणी चढे छे. एने पाछो बोलावो," त्याला मागे बोलवा, असे तो सांगत होता. खरेच, विठ्ठलच्या पाठीमागच्या घळीत पाणी भरू लागले होते. ती घळ भरली की परतीची वाट बंद. विठ्ठलला पोहता येत नव्हते.

सगळे ओरडू लागले. श्रीरंगचा घसा बसला, प्रिया रडायला लागली. विठ्ठल वाकून शिंपले वेचतच होता.

इंदुबाई ओरडली नाही. माझ्यावरची तिची पकड एकदम घट्ट झाली. माणूस कितीही रागावला तरी लेकीचे रडणे ऐकून मागे वळणार नाही, असे होईल का? तिला काय ते त्या क्षणी कळले. विठ्ठलने मागे पाहिले की थेट नजरेस पडेल अशा उंच दगडावर ती चढली, गुडघ्याची पर्वा न करता, आणि वाट पाहत राहिली.

सवयीप्रमाणे विठ्ठलने मान वळवली. इंदुबाईने माझ्यासकट दोन्ही हात वर नेले आणि मूठ मुठीवर ठेवली.

विठ्ठल होता तिथे थांबला. कारागीर ती खूण पाहून 'का' म्हणून विचारत नाही. तिने घळीकडे बोट केले, आणि तो शिंपले टाकून पळत सुटला. घळीत उतरला तेव्हा पाणी कमरेला लागले होते. श्रीरंगने इंदुबाईच्या हातातून मला घेऊन पुढे केले, विठ्ठलने माझे टोक धरले. तार करकरली, चीर वाढली, पण मी सोडले नाही. तो बाहेर आला आणि सगळ्यांच्या जिवात जीव आला. माझ्याही.

इंदुबाईने त्याला दगडावर समोर बसवले. "आवो, तुमाला ऐकू येत न्हाई व्हय?" तिने मोठ्याने विचारले.

तो तिच्या ओठांकडे पाहत राहिला. "कमी येतं," तो म्हणाला.

"मग मला सांगितलं का न्हाई?"

"मला तरी काय ठावं? मला वाटलं, तूच माझ्याशी बोलायचं सोडलंस."

इंदुबाई हसली, आणि हसता हसता पदराने डोळे पुसायला लागली. कितीतरी दिवसांचे ओझे त्या दगडावर उतरले, मित्रांनो. मग टेकडीपर्यंतची सगळी वाट ती त्याच्या उजव्या अंगाने चालली, कारण त्या कानाने थोडे बरे ऐकू येई. भाजीपासून गुडघ्यापर्यंत साठलेले सगळे तिने मोठमोठ्याने सांगून टाकले, इतके, की त्यांच्या घरच्या गोष्टी अख्ख्या गल्लीला कळल्या. विठ्ठल मान डोलावत होता आणि मधूनच उत्तरही देत होता. मी दोघांच्या मध्ये टेकत चाललो होतो.

आता मी दारामागे उभा असतो. तार गंजली, चीर रुंदावली, पण इंदुबाई मला तेलाचे बोट लावायला विसरत नाही. मित्रांनो, कानांना जपा. आणि घरात कोणी तुम्हाला उत्तर देत नसेल, तर रुसण्याआधी एकदा त्याच्या समोर जाऊन उभे राहा. नुसते ओरडू नका. ओरडणारे त्या दिवशीही पुष्कळ होते.