दीपगृहाचा चढ आणि गोगलगाय

दातांच्या डॉक्टरांनी मागच्या खोलीतलं इस्त्रीचं टेबल हलवून तिथे सायकल उभी केली, तेव्हा त्यांच्या बायकोला वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे, जाईल. सायकलचं मागचं चाक काढून ती एका जड यंत्रावर बसवली होती. समोर मोठा पडदा. पडद्यावरचा रस्ता चढाला लागला की पायडल जड व्हायचं, उतार आला की हलकं. जगातले देखणे रस्ते त्यात भरलेले होते: तळ्याकाठचा, द्राक्षांच्या मळ्यांमधला, बर्फाळ डोंगरातल्या घाटाचा. डॉक्टर बसल्या जागी सगळीकडे फिरून येत आणि घामाने निथळत जेवायला बसत.

"आज घाट मारला," ते सांगत.

"वा! येताना दूध आणलंत का?" बायको विचारी.

घरात असं कौतुक, म्हणून डॉक्टर आपले पराक्रम दवाखान्यात सांगत. खुर्चीत आ वासून पडलेला, गालात कापूस कोंबलेला माणूस पळून जाऊ शकत नाही. त्याला ते दीपगृहाचा चढ सांगत. समुद्राकाठचा तो रस्ता तसा छोटा, पण शेवटी दीपगृहापर्यंत असा चढ की भल्याभल्यांची दातखीळ बसावी. आपापल्या घरून त्याच पडद्यावरच्या रस्त्यांवर शर्यत लावणाऱ्या गावातल्या हौशी मंडळींच्या गटात त्या चढावर डॉक्टर पहिले होते.

"अजून कुणाच्या बापाला जमलं नाही मला मागे टाकायला," ते म्हणत. पेशंट "आँ, आँ" करी. डॉक्टर ती दाद समजत.

आणि एका संध्याकाळी त्या चढावर कुणीतरी त्यांना मागे टाकलं. गुलाबी हेल्मेट घातलेली आकृती शेजारून सरसर पुढे गेली. डोक्यावर नाव होतं, 'गोगलगाय'. पाठोपाठ पडद्यावर निरोप आला: "दम लागला का? पाणी प्या."

डॉक्टरांना रात्रभर झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी निरोप आला, "सावकाश या. मी वर थांबते." खरोखरच ती आकृती दीपगृहापाशी एक पाय टेकवून थांबलेली होती.

"थांबते! म्हणजे बाई आहे," डॉक्टर बायकोला म्हणाले. "विशीतली असणार. खेळाडू. मांड्या कशा असतील बघ!"

"असतील," बायको म्हणाली आणि तिने तोंड फिरवलं, कारण तिला हसू आवरेना.

गोगलगाय कोण, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती तिची आई होती.

डॉक्टरांच्या सासूबाई दोन गल्ल्या पलीकडे एकट्या राहत. मोठ्या इस्पितळात त्यांनी मेट्रन म्हणून उभा जन्म काढला होता. त्यांच्या नुसत्या चपलेच्या आवाजाने वॉर्डातले रुग्ण ताठ झोपत. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा व्यायामासाठी त्यांना सायकल चालवायला सांगितली होती, म्हणून लेकीने तसलंच एक जुनं यंत्र त्यांना आणून दिलं. सगळं सुरळीत चाललं होतं. पण एका रविवारी जेवताना जावई म्हणाले, "आई, तुम्ही आपल्या सपाट रस्त्यावरच चालवा हं. चढबिढ या वयात झेपायचे नाहीत."

सासूबाई गोड हसल्या. घरी गेल्यावर त्यांनी लेकीला बोलावून घेतलं आणि यंत्रात नवं नाव घालायला लावलं.

"वजन किती लिहू?" लेकीने विचारलं. तिचं औषधांचं दुकान होतं, वजन-मापात चूक तिला खपत नसे.

"चाळीस."

"आई! चाळीस किलोची तू सहावीत होतीस."

"मग तेव्हाचं लिही."

वजन कमी लिहिलं की पडद्यावरचे चढ भराभर चढता येतात, ही मेख त्यांनी यंत्र आल्याच्या दुसऱ्याच दिवशी शोधून काढली होती. लेकीने लिहिलं. तिला हेही माहीत होतं, की नव्वद किलोला टेकलेल्या आपल्या नवऱ्याने स्वतःचं वजन सत्तर लिहिलंय. तिने एकाचं गुपित दुसऱ्याला सांगितलं नाही. फुकटची करमणूक कोण सोडतो?

डॉक्टरांनी नवे बूट घेतले, मोठा पंखा घेतला. उपयोग शून्य. शेवटी त्यांनी गोगलगायीला जाहीर आव्हान दिलं: रविवारी सकाळी, दीपगृहाचा रस्ता, सगळ्यांसमक्ष.

उत्तर आलं, "अवश्य. येताना डबा आणा, वाटेत भूक लागेल."

"आईंनाही बोलवू या बघायला," डॉक्टर बायकोला म्हणाले.

सासूबाईंनी फोनवर कण्हत सांगितलं, "नको रे बाबा. गुडघा ठणकतोय. नाही जमायचं यायला."

डॉक्टर मनाचे चांगले. रविवारी सकाळी यंत्र, पडदा, पंखा गाडीत घालून ते थेट सासूबाईंच्या दारात उभे. "तुम्हाला येता येत नाही ना? मग शर्यतच तुमच्याकडे आणली!"

लेक भिंतीकडे बघू लागली.

"फार बरं केलंत, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "पण माझी व्यायामाची वेळ झाली. तुम्ही इथे बाहेरच्या खोलीत चालू द्या. मी आत पाय हलवते जरा." आणि त्यांनी दार ओढून घेतलं.

शर्यत सुरू झाली. डॉक्टरांचा पंखा असा घोंघावत होता की आतलं काही ऐकू येणं शक्यच नव्हतं. समुद्राचा काठ संपला, चढ लागला. गोगलगाय पुढे, डॉक्टर मागे. डॉक्टरांनी दात-ओठ खाऊन जोर लावला, अंतर कमी झालं, आणि तेवढ्यात त्यांच्या पोटरीत गोळा आला.

"आई गं!" ते जिवाच्या आकांताने ओरडले.

"आले, आले!" आतून आवाज आला.

पडद्यावर गोगलगाय भर चढावर जागच्या जागी थांबली. खोलीचं दार उघडलं. गळ्यात टॉवेल, घामाने डबडबलेल्या सासूबाई बाहेर आल्या. "काय झालं? कुठे दुखतंय? पाय सरळ करा!"

डॉक्टरांनी पडद्याकडे पाहिलं. सासूबाईंकडे पाहिलं. परत पडद्याकडे.

"तुम्ही?"

"मी म्हणजे..." सासूबाईंनी टॉवेलने तोंड पुसलं.

गोगलगाय आणि पोटात पाय म्हणतात ते हेच! डॉक्टरांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. लेक मध्ये पडणार, तोच त्यांनी दुखऱ्या पायाने पायडल दाबलं. दुसरं दाबलं. थांबलेल्या गोगलगायीला ओलांडून ते कण्हत-कुंथत दीपगृहाकडे निघाले.

"अहो! ही शुद्ध लबाडी आहे!" सासूबाई आत पळाल्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालेली बाई इतकी जोरात पळताना लेकीने पहिल्यांदाच पाहिली. पण उशीर झाला होता. डॉक्टर पोहोचले होते.

"मदतीला धावून आलेल्या म्हातारीला मागे टाकलंत," सासूबाई आतून गरजल्या.

"चाळीस किलोच्या," लेक म्हणाली.

"काय?" डॉक्टर ओरडले.

"आणि तुम्ही सत्तरचे," ती म्हणाली.

"अस्सं!" दारातून सासूबाईंचं डोकं बाहेर आलं. दोघंही एकमेकांकडे बघत राहिली आणि आधी सासूबाईंना हसू फुटलं. डॉक्टर पोटरी धरूनच हसले.

त्या दिवशी लेकीने वजनकाटा आणून दोघांना त्यावर उभं केलं आणि खरी वजनं यंत्रात घातली. संध्याकाळी दीपगृहाचा चढ दोघांनाही निम्म्यापर्यंतसुद्धा जमला नाही.

आता दोघं फोन कानाला लावून बरोबरच निघतात. रस्ता कुठला यावरून भांडण रोजचंच. डॉक्टरांना घाट हवा असतो, सासूबाईंना द्राक्षांचे मळे.

"तुम्ही पुढे व्हा, जावईबापू," त्या मायेने म्हणतात. "माझं आता वय झालं."

डॉक्टर पुढे होतात. पडद्यावरच्या जगातही मागून येणाऱ्याला वारा कमी कापावा लागतो, हे त्यांना एव्हाना कळलंय. तरी ते काही बोलत नाहीत. मुक्काम जवळ आला की सासूबाई हळूच त्यांच्या मागून बाहेर पडतात, पुढे निघून जातात आणि फोनमध्ये विचारतात, "काय हो, दमलात?"