दातूचा वाटा

वीस वर्षं मी या नदीवर राहते आहे आणि एकदाही तिच्यात पाय सोडून बसलेली नाही. माझं माहेर आत, रबराच्या बागांत. तिथे पाणी विहिरीत असतं आणि विहिरीचा तळ दिसतो. इथे या मेंटाया नदीचं पाणी म्हणजे कोरा चहा. कोपरापर्यंत हात घातला की बोटं दिसेनाशी होतात. शेजारणी हसतात. "मस्निया बादलीने आंघोळ करते, राणीसाहेब!" हसू देत. मी भित्री आहे, आणि त्यात मला काही लाज वाटत नाही.

आमच्या घराच्या खांबांना तराफा बांधलेला आहे. धुणं, आंघोळ, मासे साफ करणं, सगळं त्यावरच. वर्षातून एकदा, शुक्रवारच्या नमाजानंतर, सासूबाई त्यावर उतरायच्या. पिवळा चिकट भात आणि तीन अंडी घेऊन. मुसळाने फळीवर तीनदा ठोकायच्या आणि म्हणायच्या, "दातू, तुझा वाटा घे."

दातू म्हणजे त्यांच्या खापरपणजीच्या जुळ्यातला एक. जन्मताच नदीत गेला आणि तिथलाच झाला. घरात हे असं सांगतात, जसं कुणी सांगावं की आमचा एक चुलता बंजरमासीनला असतो. मी नवी असताना एकदा त्याला 'मगर' म्हणाले, तर सासूबाईंनी माझ्या तोंडावर हातच ठेवला. इतकी वर्षं ती अंडी पाण्यात बुडत होती आणि कुणी घ्यायला येत नव्हतं, म्हणून मीही गप्प होते.

मागच्या उन्हाळ्यात कोळंबी आटली. नवरा शहरान पहाटे सापळे उपसायचा तर चिखल आणि चार खेकडे. वस्तीतली निम्मी तरणी माणसं ताडतेलाच्या मळ्यांत निघून गेली. सासूबाई म्हणाल्या, दातू उपाशी आहे. वर्षाचा वाटा दर शुक्रवारचा झाला, अंड्यांबरोबर कोंबडीही जाऊ लागली. पाचव्या शुक्रवारी तो आला.

मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. आधी दोन उंचवटे, मग पाठ. पाठ संपेचना. माझ्या हातातला झारा खाली पडला. सासूबाई आनंदाने रडत होत्या. आणि नशीब बघा, त्याच आठवड्यात सापळे भरले! आईच्या वाट्याची आजवर थट्टा करणारा शहरान आता स्वतः बाजारातून कोंबडी आणू लागला.

"हलिदाचे बाबा," मी म्हणाले, "पोरगी रोज सकाळी त्याच फळ्यांवर कपडे धुते. जनावराला जिथे खायला मिळतं तिथे ते येणारच."

"जनावर म्हणू नकोस."

"मग काय म्हणू? पाहुणा?"

"मस्निया, याच कोळंबीवर ती साम्पितला नर्सिंग शिकायला जाणार आहे. मावशीने वाटा बंद केला, तर वर्षाच्या आत तिचा थोरला बुडाला."

"त्याला फेफरं यायचं."

"आणि ते कशाने यायला लागलं?"

तोही घाबरलेलाच होता. मी देण्याला घाबरत होते, तो न देण्याला. त्या दिवसापासून मी हलिदाचं धुणं वर ओट्यावर आणलं. दोरीने बादल्या ओढून ओढून माझे तळहात सोलले, पण तिला खाली पाऊल टाकू दिलं नाही.

मग सासूबाईंचे गुडघे गेले. त्या म्हणाल्या, आता वाटा हलिदाने द्यायचा, रक्ताचं माणूस लागतं. आणि वाटा देणारीने नदी सोडायची नसते.

"म्हणजे नर्सिंग?" मी विचारलं.

"इथे काय आजारी माणसं नाहीत?"

मी हलिदाला कोपऱ्यात घेऊन समजावलं. सतरा वर्षांची पोर, आजीवर जीव टाकणारी. "नीनीचं मन कसं मोडू, मा?" म्हणाली. वर हसली. "दातू माझ्या हातचं नक्की खाईल. तुझ्या हातचं तर मीसुद्धा नाइलाजाने खाते." मी हात जोडत होते आणि ही चेष्टा करत होती.

पुढच्या शुक्रवारी मी बाजारातून लवकर परतले. घर रिकामं. खालून ठोके ऐकू आले. एक, दोन, तीन.

ओट्यावरून वाकून पाहिलं. सासूबाई पाटावर बसलेल्या. हलिदा तराफ्याच्या कडेला गुडघ्यांवर, दोन्ही हातांच्या ओंजळीत सोललेली कोंबडी. नव्या देणारीने पहिला वाटा टाकायचा नसतो, हातून द्यायचा असतो. आणि तिच्या हातांपासून दोन वावांवर ते दोन उंचवटे.

ओरडावं तर ती दचकून घसरेल. मी शिडी उतरले. कशी उतरले, देव जाणे. सासूबाईंच्या शेजारचं मुसळ उचललं, तराफ्याच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि फळीवर तीनदा ठोकलं. मला एवढंच कळत होतं की त्याला ठोक्याची सवय लागली आहे.

डोकं वळलं. सावकाश, माझ्याकडे.

"मस्निया!" सासूबाई किंचाळल्या. "तो तुला ओळखत नाही!"

"हलिदा, कोंबडी ठेव आणि वर जा."

"मा..."

"वर जा म्हणते ना!"

मी पुन्हा ठोकलं. तो जवळ आला तसा तराफा हलला. माझ्याजवळ द्यायला काहीच नव्हतं, खांद्याला बाजाराची पिशवी तेवढी होती. ती तशीच्या तशी, माशांसकट, मिरच्यांसकट पाण्यात भिरकावली. जबडा उघडला तेव्हा आतला पिवळा रंग दिसला आणि कुजका वास तोंडावर आला. माझा कमरेचा सारोंग ओला झाला, आणि तो नदीच्या पाण्याने नव्हे. पिशवी घेऊन तो खाली गेला. पाणी पुन्हा चहासारखं झालं.

हलिदा शिडीच्या वरच्या पायरीवर उभी होती. सासूबाई गुडघे विसरून माझ्यापर्यंत आल्या आणि त्यांनी माझं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"परक्या रक्ताच्या हाकेला वळला गं! त्याने तुला निवडलं."

मी सांगणार होते, की आई, शेजारच्या बोक्याने मुसळ ठोकलं तर तो त्याच्याकडेही वळेल. शब्द ओठांवर आले होते. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "आता पोरीची गरज नाही. तिला जाऊ दे कुठे जायचं ते."

मी शब्द गिळले. "हो," म्हणाले, "मलाच निवडलं."

संध्याकाळपर्यंत वस्तीभर झालं. ज्या शेजारणी राणीसाहेब म्हणायच्या, त्या आता वाट सोडून उभ्या राहतात. शहरान तर असा मिरवतो, जणू त्याचीच निवड झाली.

ऑगस्टमध्ये हलिदा साम्पितला गेली. दर शुक्रवारी मी तराफ्यावर उतरते. मी टाकते, हातून कधीच देत नाही, आणि लगेच शिडी चढते. हलिदा फोनवर म्हणते, "मा, नाही उतरलीस तर कोण बघायला बसलंय? नीनीला सांग, दिला म्हणून."

गेल्या शुक्रवारी मला ताप होता. सासूबाई झोपल्या होत्या, शहरान नदीवर. मी ठरवलं, आज नाही. ठरवल्यावर किती हलकं वाटलं! मग सहज हलिदाला फोन लावला. तिने उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा. पाच वेळा लावला.

मावशीचा थोरला डोळ्यांपुढे आला, ज्याला मी कधी पाहिलंही नाही. मी अंगावरचं पांघरूण फेकलं, अंडी घेतली, शिडी बसत बसत उतरले. ठोकताना मोजणी चुकली, तीनाचे चार झाले.

"उशीर झाला," मी पाण्याला म्हणाले. "माझं चुकलं. पोरीवर राग काढू नका."

वर आले तेव्हा फोन वाजत होता.

"वर्गात होते गं, मा! एवढे फोन? काय झालं?"

"काही नाही," मी म्हणाले. "नीट राहा."

ती नीट राहिली, तर ते दातूमुळेच असं मला आता मरेपर्यंत वाटत राहणार.