एल्डनसाठी राखलेली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची. जन्म झाला तो लोकांना बसवण्यासाठी, पण ऐन उमेदीची कितीतरी वर्षं माझ्यावर बसायला सक्त मनाई होती. आणि तरीही त्या वर्षांत मी रिकामी अशी नव्हतेच. हे कसं, ते सांगते. भित्र्यांनी हवं तर आईजवळ बसून ऐकावं.

केंटकीच्या डोंगरांत केलर्स फोर्क नावाचं खाणकामगारांचं गाव आहे. तिथल्या ॲम्ब्रोज नावाच्या म्हाताऱ्याने मला घडवलं. पाय त्याने ओल्या लाकडाचे केले आणि आडव्या दांड्या वाळलेल्या लाकडाच्या. ओलं लाकूड वाळता वाळता आवळत जातं आणि दांडीला असं धरतं की खिळ्याची गरजच उरत नाही. बैठक त्याने हिकरी नावाच्या चिवट झाडाच्या सालीची विणली आणि दोन्ही बाजूंना हात टेकायला दांडे बसवले. माझ्यावर नातवंडंसुद्धा बसतील, असं त्याने गिऱ्हाइकाला सांगितलं होतं. स्वतःच्या कामाबद्दल तो थापा मारत नसे.

माझं गिऱ्हाईक म्हणजे गावातला माजी सैनिकांचा हॉल. तिथे मी अध्यक्षांची खुर्ची झाले. जाडे अध्यक्ष पाहिले, बारीक पाहिले, सभा सुरू होताच घोरायला लागणारेही पाहिले. नवा माणूस आला की माझ्या दांड्यावरून हात फिरवून म्हणायचा, काय काम आहे! मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? मग घडीच्या पत्र्याच्या खुर्च्या आल्या. स्वस्त, हलक्या आणि बसल्या जागी खडखडणाऱ्या. गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात ना, तशी माझी रवानगी अडगळीच्या खोलीत झाली. तिथे फाटका ढोल होता, नाताळच्या माळा होत्या आणि माझी बैठक कुरतडणारे उंदीर होते.

मग व्हिएतनामची लढाई आली आणि गावातला एल्डन टॅकेट नावाचा मुलगा तिथे बेपत्ता झाला. मेल्याची खबर नाही, जिवंत असल्याची नाही. अशा बेपत्ता जवानासाठी तिकडे हॉलच्या कोपऱ्यात एक छोटं टेबल मांडतात. पांढरं कापड, बशीत मीठ आणि लिंबाची फोड, एक उपडा पेला आणि टेबलाला तिरकी टेकवून ठेवलेली एक खुर्ची. तो परत येईपर्यंत त्या खुर्चीवर कुणी बसायचं नाही. अशा मानाच्या जागी पत्र्याची खुर्ची बरी दिसेना, तेव्हा लोकांना माझी आठवण झाली.

हॉलची देखभाल मर्ल नावाचा माणूस करायचा. त्याने मला पुसून तेल लावलं. एल्डनची आई, जिला सगळं गाव ओपलमावशी म्हणतं, माझ्याजवळ आली आणि माझ्या दांड्यावर हात ठेवून हळूच म्हणाली, "त्याची जागा नीट सांभाळ गं." खुर्चीशी इतकं आपलेपणाने कुणी बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मी सांभाळायचं ठरवलं.

त्या हिवाळ्यात, एका लख्ख उन्हाच्या सकाळी, हॉलमध्ये चिटपाखरू नव्हतं. मर्ल बाहेर बर्फ ओढत होता. आणि कुणीतरी माझ्यावर येऊन बसलं.

वजन फार नव्हतं. तरुण, सडसडीत माणसाचं असतं तेवढं. मी टेबलाला तिरकी टेकलेली, माझ्यावर धड बसताही येण्यासारखं नव्हतं, तरी बैठक खाली दबली आणि सालीचा विणलेला पट्टा करकरला. दिसत मात्र कुणी नव्हतं. मग गारवा आला आणि माझ्या बैठकीतून पाणी टपकायला लागलं. मर्ल आत आला, फरशीवरचं पाणी पाहिलं, वर छताकडे पाहिलं आणि छताला शिव्या घातल्या. बिचाऱ्याने शिडी लावून डांबर ओतलं. काही दिवसांनी पुन्हा पाणी. पुन्हा डांबर. छत ठणठणीत कोरडं होतं, पण ते त्याला कोण सांगणार?

खरं सांगते, मला भीती वाटायची. माझ्यावर बसलेला पाठ टेकत नसे. कुणी हाक मारली तर लगेच उठता यावं अशा बेताने तो अगदी कडेवर बसून असायचा. उपड्या पेल्याच्या आतल्या बाजूला वाफ धरायची, बशीतलं मीठ ओलं होऊन जायचं. दर रविवारी प्रार्थना आटोपली की ओपलमावशी यायची, मीठ आणि लिंबू बदलायची, गुडघे टेकून फरशी पुसायची. ओलं फडकं ती एकदा नाकाजवळ न्यायची. छताबद्दल तिने कधीच चकार शब्द काढला नाही.

आता वेंडेलबद्दल सांगायला हवं. वेंडेल स्टिडम आणि एल्डन एकाच दरीत वाढले, एकाच बसने सैन्यात गेले. वेंडेल परत आला, पण सैन्यातून सुटल्याच्या त्याच्या कागदावर 'सन्मानाने' हा शब्द नव्हता. एल्डन नाहीसा झाला त्याच रात्री तळावर गोळीबार झाला होता, आणि त्याच रात्रीपासून वेंडेलही तळावर नव्हता. एल्डनला शत्रूने नेलं असावं, अशी नोंद झाली. वेंडेल मात्र काही दिवसांनी चिखलाने माखलेला आपणहून परतला. कुठे होतास, असं सगळ्यांनी विचारलं. त्याने तोंड उघडलं नाही. मग खटल्याला उभा राहा, नाहीतर सन्मान सोडून घरी जा, असं त्याला सांगण्यात आलं. तो घरी आला.

तो कागद पाहिला की खाणीत कुणी कामाला घेत नसे. त्याचे हात थरथरायला लागले होते, पण सैनिकांच्या इस्पितळाचं दार त्या कागदाला उघडत नव्हतं. आमच्या हॉलचंही नाही. दर नोव्हेंबरात सैनिकदिनाचं जेवण असलं की तो रस्त्यापलीकडे टोपी काढून उभा राहायचा. लोक खिडकीतून त्याला बघायचे.

"आला बघा आपला शूर शिपाई," मर्ल म्हणायचा. "अंमळ थांबा. थंडी वाजली की तिथूनही पळेल."

लोक हसायचे. त्या वेळी माझ्यावरचं वजन एकदम वाढायचं. पण करकरण्यापलीकडे खुर्चीला भाषा कुठे असते?

शेवटी वेंडेलला स्वतःच्या शर्टाची बटणंही लावता येईनात, तेव्हा त्याची बायको आर्डिथ हिने त्याच्या नावाने त्या कागदाच्या फेरतपासणीचा अर्ज केला. असे अर्ज ऐकायला सैन्यातल्या पाच अधिकाऱ्यांचं मंडळ गावोगाव फिरत असे. त्यांचं काम सरकारी कचेरीत व्हायचं होतं, पण तिथली उबेची शेगडी बंद पडली, म्हणून त्यांना आमचा हॉल दिला. वेंडेल पहिल्यांदा हॉलचा उंबरठा ओलांडून आत आला तो असा, आरोपीसारखा.

जागा हवी म्हणून मर्लने एल्डनचं टेबल भिंतीला सरकवलं आणि तो ओपलमावशीबरोबर कॉफी करायला स्वयंपाकघरात गेला. मंडळाची कारकून बाई परगावची. पत्र्याच्या खुर्च्या डुगडुगतात म्हणून तिने मला भिंतीजवळून उचललं, सरळ केलं आणि पाच अधिकाऱ्यांसमोर मांडलं. मर्ल किटली घेऊन बाहेर आला तोवर ध्वनिमुद्रणाचं यंत्र सुरू झालं होतं आणि वेंडेल माझ्यावर बसला होता. मर्लचा चेहरा पांढराफटक पडला. बोलायची सोय नव्हती. तो किटली घेऊन दारातच थांबला.

आणि मित्रांनो, आधीचा उठला नव्हता.

त्या दोघांचं ओझं मी कसं पेललं, ते माझं मला ठाऊक. वेंडेलने दांड्यावर हात ठेवला आणि चटका बसावा तसा उचलला. मग त्याने तो पुन्हा हळूहळू तिथेच ठेवला. आणि नवलाची गोष्ट, त्याच्या हाताची थरथर थांबली.

त्याच्या बाजूने वकीलबाई बोलल्या. गावात पूर आला तेव्हा त्याने माणसं काढली, दारूला शिवला नाही, वगैरे. अध्यक्ष कर्नल हॅस्केल हे शांत गृहस्थ होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, त्या दिवसांत तुम्ही कुठे होता? सगळं त्यावरच अडलं होतं.

"ते मला सांगता यायचं नाही, साहेब," वेंडेल म्हणाला.

"मिस्टर स्टिडम, तुम्ही सांगितलं नाहीत तर आमच्या हातात काही राहत नाही. हा दरवाजा पुन्हा उघडायचा नाही."

"मग बंदच राहू द्या."

आर्डिथने डोळ्यांना आपला स्कार्फ लावला. वेंडेल उठायला गेला. त्याला उठता आलं नाही. त्याने पुन्हा जोर लावला. मी त्याला धरलं नव्हतं, शपथेवर सांगते. आणि त्याच वेळी माझ्याखालून पाण्याचा ओघळ निघाला आणि फरशीवरून अधिकाऱ्यांच्या टेबलाकडे सरकू लागला. एका अधिकाऱ्याने बूट मागे घेतले.

ओपलमावशी हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली. कुणाची परवानगी न विचारता ती माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली. तिने पाण्यात बोटं बुडवून वास घेतला.

"मर्ल म्हणतो छत गळतंय," ती म्हणाली. "पावसाच्या पाण्याला गाळाचा वास येतो का रे? हे नदीचं पाणी आहे. किती वर्षं पुसतेय मी. वेंडेल, माझा पोरगा बुडाला ना?"

वेंडेलने मान खाली घातली.

"त्याला कुणी पकडून नेलं नव्हतं. आपल्या पायांनी गेला तो. हो ना?"

"मावशी, नको."

"शाळेतूनसुद्धा असाच यायचा. मास्तर ओरडले की दप्तर तिथंच टाकून सरळ घरी. मी आई आहे त्याची, मला नको शिकवू. घरी यायला निघाला होता ना?"

"मग त्याच्यावर कायमचा शिक्का बसेल, मावशी," वेंडेल म्हणाला. "हे सगळे त्याला पळपुटा म्हणतील."

"तुला म्हणालेच की इतकी वर्षं. तू मेलास का? सांग, बाळा. वाट बघून मी दमले. तोही दमला असेल."

मग वेंडेलने सांगितलं. एल्डनचं मन त्या लढाईने पार विसकटून गेलं होतं. त्या संध्याकाळी त्याने बंदूक खाटेवर ठेवली आणि घरी जातो म्हणून चालायला लागला. वेंडेल त्याला परत आणायला मागोमाग निघाला, पण अंधारात चुकला. सापडला तेव्हा एल्डन पूर आलेल्या नदीत एका झाडाला अडकलेला होता. वेंडेलने त्याला काठावर हातांनी पुरलं. आणि तोंड उघडलं तर मित्राचं नाव जाईल, आईची मान खाली जाईल, म्हणून ते मिटून घेतलं.

ओपलमावशीने त्याचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं आणि दोघं रडले. त्या रडण्यात केव्हातरी माझ्या बैठकीवरचं एक ओझं उठलं. सालीचे पट्टे टणकन वर आले. ते कुठे गेलं, मला माहीत नाही. घरी गेलं असेल असं मी धरून चालते.

निकाल काही आठवड्यांनी आला. तिघे बाजूने, दोघे विरुद्ध. त्या दोघांचं म्हणणं असं, की फरशीवरचं पाणी म्हणजे पुरावा नव्हे. तेही चूक नव्हते. पण वेंडेलच्या कागदावर 'सन्मानाने' हा शब्द आला आणि इस्पितळाचं दार उघडलं.

हॉलमध्ये मात्र कुरबुर सुरू झाली. आपणहून निघून गेलेल्याची खुर्ची इथे कशाला, असं काहीजण म्हणू लागले. ते ऐकून पुढच्या रविवारी ओपलमावशी आली आणि मला दोन्ही हातांनी उचलून चालू लागली. मर्ल लगबगीने मदतीला धावला.

"राहू दे," ती म्हणाली. "हलकी झालीय आता."

तेव्हापासून मी तिच्या स्वयंपाकघरात आहे. रविवारी वेंडेल आणि आर्डिथ जेवायला येतात. घेवडा, मक्याचा पाव, वाळवलेल्या सफरचंदांचा केक. वेंडेल माझ्यावर बसतो, मस्त पाठ टेकून. त्याचं वजन त्याच्या एकट्याचं असतं.

एकदा दारावर थाप पडली. मर्ल होता. वेंडेलला हॉलचं सभासद करून घेतल्याचं कार्ड घेऊन आला होता. कार्ड दिलं तरी तो जाईना आणि आतही येईना. टोपी हातात फिरवत, मान खाली घालून दारात तसाच उभा राहिला. जेवणाची वाफ उठत होती. मग वेंडेल माझ्यावरून उठला आणि मला ओढत दारापर्यंत घेऊन गेला.

"बस, मर्ल," तो म्हणाला. "उभा का?"

मर्ल बसला. त्याचं अंग हुंदक्यांनी हलत होतं, आणि माझे सांधे जुने असले तरी मी त्याला घट्ट धरून ठेवलं.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या खुर्च्यांना वर्षातून एकदा तेल लावा, बैठक सैल झाली तर विणून घ्या आणि उंदरांच्या तोंडी देऊ नका. घरात कुणी नसताना एखादी खुर्ची करकरली तर पळू नका. कोण आहे ते विचारा, पाणी पुसा. गेलेल्यांसाठी जागा जरूर राखा. पण दाराबाहेर कुणी जिवंत माणूस टोपी काढून उभा असेल, तर आधी त्याला बस म्हणा.