राणीची चाळीस पावलं

चैत्राचं ऊन निळगडावर उतरलं की काळा कातळसुद्धा पांढुरका दिसू लागतो. पळस झडलेला, करवंदीच्या जाळ्या धुरकटलेल्या, आकाश निरभ्र आणि निष्ठुर. वारा येतो, वणवणतो, बुरुजाच्या भेगाभेगांत शिरतो आणि रिकाम्या हाताने परत फिरतो. सावलीला म्हणून कुठे जागा नसते.

त्या तप्त, त्या तृषार्त वाटेने एकाहत्तर वर्षांचे भार्गव टिपणीस गड चढत होते. चार पावलं चढत, थांबत, छातीशी हात नेत. हात छातीशी जाई तो धाप लागली म्हणून नव्हे. तिथल्या खिशात एक पोस्टकार्ड होतं.

टिपणीस अकरा कादंबऱ्यांचे जनक. कुठल्याशा ताम्रपटात अर्धी ओळ सापडावी आणि त्यांनी तिच्यावर अख्खं साम्राज्य उभारावं. चांदणं पिऊन जगणारे अश्व, नक्षत्रांशी बोलणाऱ्या राण्या, धमन्यांतून पारा वाहणारे सेनापती; आणि त्या साऱ्यांच्या पायाखाली मात्र खरी माती, खरे घाट, खऱ्या तिथ्या. खोट्याला खऱ्याचा पदर जोडण्यात त्यांचा हातखंडा होता. वाचक म्हणत, जोड दिसतच नाही. टिपणीसांना त्या वाक्याचा भारी अभिमान, आणि तो लपवण्याचे कष्टही ते घेत नसत.

बसून लिहिणं मात्र त्यांना कधी साधलं नाही. मिरजेतली त्यांची खोली भिंतीपासून भिंतीपर्यंत सात पावलं. सात जायची, सात यायची; चालता चालता वाक्य ओठांवर घोळवायचं, घोटायचं, मग उभ्यानेच कागदावर उतरवायचं. चाळीस वर्षं हे चाललं. फरशीवर पायवाट उमटली. पत्नी कमलिनीबाई म्हणत, "एवढं चालून काशीला पोचला असतात." ते हसत आणि पुन्हा वळत.

निळगडावर ते कधीच गेले नव्हते. एकदा फक्त गाडीच्या खिडकीतून पाहिला होता: सायंकाळी, ताम्रवर्ण, मेघमंडित, क्षणभर. तेवढ्या क्षणावर सव्वीस वर्षांपूर्वी अभ्रवती राणीची कादंबरी उभी राहिली. गडाला वेढा पडतो, पाणी संपतं, लेकरांचे ओठ फुटतात. मग अभ्रवती तिसऱ्या बुरुजापासून पूर्वेला चाळीस पावलं चालते, टाच टेकवते. कातळ दुभंगतो आणि उघडतं एक टाकं, तारकाबिंबित, अमृतशीतल, अक्षय जळाचं. ते पान त्यांना एका फेरीत सुचलं होतं.

आणि या फाल्गुनात ते पोस्टकार्ड आलं. गडाच्या कुशीतल्या सावरघर वस्तीतून, इंदुबाई ढेबे यांचं. अक्षर मोठं, ओळी तिरक्या.

'साहेबांना नमस्कार. आमच्याकडे माघातच पाणी संपतं. वाचनालयात तुमचं पुस्तक वाचलं. त्यात टाक्याची खूण आहे. आम्ही बाया दोन उन्हाळे खणत आहोत, पाणी लागलं नाही. चाळीस पावलं लिहिली आहेत ती राणीची आहेत. राणी उंच होती का ठेंगणी, तेवढं कळवावं.'

त्या दिवसापासून सात पावलांचा हिशेब चुकू लागला. सहाव्यालाच भिंत यायची. कधी आठ होऊनही येत नसे. उत्तर लिहायचे, फाडायचे. 'टाकं काल्पनिक आहे' हे तीन शब्द त्यांना कागदावर फार खुजे दिसले. एकदा तर त्यांनी लिहिलंही: राणी उंच होती. आणि ते वाक्य लिहिताना हात जराही अडखळला नाही, याचीच त्यांना भीती वाटली. ते पत्र त्यांनी जाळलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी पकडली.

तिसऱ्या बुरुजापाशी पोचले तेव्हा सूर्य माथ्यावर होता. समोर तीन खड्डे होते. पुरुषभर खोल, कोरडे, तांबडे, एकापुढे एक. पाच-सहा बाया पाट्या भरत होत्या. त्यांतली एक बारीक चणीची, पन्नाशीची, काटक बाई पहार टाकून पुढे आली. त्याच इंदुबाई. टिपणीसांनी खिशातून काढलेलं पोस्टकार्ड तिने लगेच ओळखलं.

"लांबचा उंच राणीचा," ती बोट करत म्हणाली, "मधला मध्यम चणीचा. आन् ह्यो जवळचा, ठेंगणी आसली तर." मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "तुमी स्वता आलासा, ब्येस झालं. आता तुमीच चाला. राणी तुमची."

टिपणीस बुरुजाला पाठ लावून उभे राहिले. चाळीस वर्षं चाललेले ते पाय. समोर चाळीस पावलं पडली होती, आणि त्यांना पहिलं उचलवेना.

"इंदुबाई," ते म्हणाले, "राणी नव्हती. टाकंही नव्हतं. मी रचलं ते. घरात फेऱ्या मारताना."

वारा वाजत राहिला. कुणीतरी डोक्यावरची पाटी खाली ठेवली.

"समदंच?"

"गड तेवढा खरा."

इंदुबाईने तीन खड्ड्यांकडे पाहिलं, मग स्वतःच्या तळव्यांकडे. आवाज चढवला नाही. चढवला असता तर टिपणीसांना सोसलं असतं.

"तिकडं, उत्तरंच्या अंगाला, कातळाच्या पोटात चैतातबी शेवाळ हिरवं ऱ्हातंय. सासू म्हनायची, खनायचं तर तितं खना. म्या म्हनलं, आत्ती, पुस्तकात तसं न्हाई."

जोड दिसत नाही, जोड दिसत नाही, असं जिचं कौतुक झालं, ती जोड आता उघड्यावर पडली होती. तीन ठिकाणी उसवलेली, पुरुषभर खोल. त्यांना आयुष्यात पहिल्यांदा आपल्या शब्दांची लाज वाटली. त्यांनी हात जोडले.

"त्ये ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. वर्तमानपत्राचं वेष्टण घातलेलं वाचनालयाचं पुस्तक तिने पिशवीतून काढून पुढे केलं. "हितली खूण खोडा आदी. न्हाईतर माज्या माघारी सुना हितंच खनत बसत्याल."

मग तिने बुरुजाला पाठ टेकवली आणि ती उत्तरेला चालू लागली. छोटी, घट्ट, ओझ्याची सवय असलेली पावलं. टिपणीस शेजारून मोजत चालले. एक, दोन, नऊ, सोळा. सत्ताविसाव्या पावलाला ती थांबली. कातळाच्या पोटाशी हाताएवढं हिरवं होतं.

टिपणीसांनी पान उघडलं. 'पूर्वेला' खोडलं, 'राणी' खोडलं, 'चाळीस' खोडलं. पेन्सिल सत्तावीसमधला दोन लिहायला टेकणार, तेवढ्यात इंदुबाईने त्यांचं मनगट धरलं.

"थांबा. आदी पानी लागू द्या. मग लिवा."

ते थांबले. जन्मभर ज्यांना बसून काही साधलं नव्हतं, ते भार्गव टिपणीस त्या तापल्या कातळावर मांडी घालून बसले. पहार पडत राहिली. धूळ उडत राहिली, ऊन कलत राहिलं, दगडावर लोखंड, लोखंडावर दगड, आणि एकही वाक्य त्यांच्या ओठांवर आलं नाही.

उन्हं तिरपी झाली तेव्हा इंदुबाई वर आली आणि तिने तळवा त्यांच्यापुढे धरला. तांबडा चिखल. चिखलाखालच्या रेषा ओलसर.

"लिहू?" त्यांनी विचारलं.

"आजून न्हाई," ती म्हणाली आणि पुन्हा खाली उतरली.

वारा आला. पान उलटू पाहू लागला. टिपणीसांनी खोडलेल्या शब्दांशेजारच्या कोऱ्या जागेवर बोट दाबून धरलं, आणि ते बसून राहिले.